जे. जे. रुग्णालयातले ग्लिसरीन, १९८६

भायखळ्याचे सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालय १८४५ पासून चालू आहे. ग्रँट मेडिकल कॉलेजशी जोडलेले हे राज्य सरकारचे रुग्णालय. खासगी दवाखान्याची पायरी न परवडणारी माणसे राज्याच्या कानाकोपऱ्यातून इथे येतात. जानेवारी १९८६ च्या उत्तरार्धात इथल्या काही रुग्णांची लघवी बंद पडू लागली. ते मूत्रपिंडाच्या तक्रारी घेऊन आलेले नव्हते. कुणी मेंदूच्या विकारासाठी दाखल झाले होते, कुणी डोळ्यांच्या. मूळ आजारातून बरे होण्याची चांगली आशा असलेलेही त्यांत होते.

अशा वेळी एकेक केसपेपर सुटा पाहिला तर फारसे काही दिसत नाही. मेंदूचा रुग्ण गुंगीत गेला, तर कारण मेंदूतच शोधले जाते. शस्त्रक्रियेनंतर लघवी कमी झाली, तर त्यालाही पाच-सहा कारणे असू शकतात. रुग्ण एकामागून एक दगावू लागले तेव्हा त्यांच्यातला समान धागा पुढे आला: सगळ्यांना तोंडावाटे ग्लिसरीन दिले होते. ते थांबवले गेले, पण तोपर्यंत फेब्रुवारी उजाडला होता आणि १४ जण गेले होते. ग्लिसरीन तपासल्यावर त्यात डायइथिलीन ग्लायकॉल सापडले.

सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेत सरकारी नियंत्रणाचे काम नेमके काय, ते कुठे व्हायला हवे आणि कुठे होत नाही, हे समजून घ्यायला महाराष्ट्रात याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

औषध आणि त्यातले विष

ग्लिसरीन आपल्याला कोरड्या ओठांना लावायची बाटली म्हणून माहीत असते. औषध कारखान्यात ते सिरपला गोडवा आणि दाटपणा आणायला वापरतात. जे. जे. मधला वापर वेगळा होता. पोटात गेलेले ग्लिसरीन रक्तात उतरले की आजूबाजूच्या पेशींतले पाणी ओढून घेते. त्यामुळे कवटीच्या आतला वाढलेला दाब उतरतो, काचबिंदूत डोळ्याचा दाबही उतरतो. औषध जुने, स्वस्त आणि भरवशाचे. पण परिणाम साधायचा तर मात्रा मोठी लागते, वजनाच्या किलोमागे एक ते दीड ग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला एका वेळी ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त. खोकल्याच्या औषधातल्या चमचाभर सिरपमधून पोटात जाणाऱ्या ग्लिसरीनशी याची तुलनाच होत नाही.

डायइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे डीईजी, हे ब्रेक ऑइल, रेझिन, औद्योगिक द्रावके अशा कामांसाठी बनवलेले रसायन. रंग नाही, चव गोडसर, बोटाला तसेच दाट लागते आणि ग्लिसरीनपेक्षा स्वस्त मिळते. नाकाने किंवा जिभेने फरक कळत नाही. पोटात गेल्यावर त्यापासून डायग्लायकॉलिक आम्ल तयार होते आणि ते मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशी मारते. सुरुवातीला मळमळ, पोटदुखी, थोडी झिंग. मग एक ते तीन दिवसांत लघवी थांबते. त्यातूनही जगला तर नंतर मज्जासंस्था निकामी होऊ लागते. किलोमागे साधारण एक मिलिलिटर ही प्राणघातक मात्रा मानली जाते, मृत्यू त्याहून कमी मात्रेतही झाले आहेत. मोठ्या मात्रेत द्यायच्या औषधातच हे मिसळलेले असेल, तर वॉर्डातल्या परिचारिकेने डॉक्टरांची सूचना जितकी चोख पाळली असेल तितके विष रुग्णाच्या पोटात जास्त गेले असणार. हा विचार मला फार अस्वस्थ करतो. आपले काम बिनचूक करणाऱ्या माणसांच्या हातून हे मृत्यू घडले.

कायदा होता, आणि धोकाही माहीत होता

डीईजी विषारी आहे हे १९८६ मध्ये नवे ज्ञान नव्हते. १९३७ मध्ये अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या एका कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध डीईजीमध्ये विरघळवून 'इलिक्सिर' म्हणून विकले. शंभराहून जास्त माणसे मेली, त्यांत पुष्कळ मुले होती. औषध विकण्याआधी ते सुरक्षित आहे हे दाखवण्याचे बंधन तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात नव्हते. 'इलिक्सिर' म्हणायचे तर त्यात अल्कोहोल हवे आणि ते नव्हते, एवढ्या चुकीच्या लेबलाच्या मुद्द्यावर माल जप्त करता आला. त्या धक्क्यातून १९३८ चा नवा कायदा आला.

भारतात १९३०-३१ मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने बाजारातल्या भेसळयुक्त आणि निकृष्ट औषधांचा प्रश्न पाहिला. १९४० मध्ये औषध कायदा झाला आणि १९४५ मध्ये त्याचे नियम. नंतर त्यात सौंदर्यप्रसाधनांचाही समावेश झाला. या कायद्याची वाटणी अशी, की नियम केंद्र करते. कारखान्याला आणि दुकानाला परवाना देणे, तपासणी करणे, नमुने घेणे आणि खटले भरणे हे मुख्यतः राज्याचे काम. औषध निरीक्षकाला कारखान्यात, दुकानात, गोदामात शिरण्याचा अधिकार आहे. तो नमुना घेतो, त्याचे भाग करून मोहोरबंद करतो, एक सरकारी विश्लेषकाकडे पाठवतो, एक न्यायालयासाठी राखतो. विश्लेषकाच्या अहवालाला कोणी आव्हान दिले, तर अंतिम शब्द कोलकात्याच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेचा. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे.

१९७२ मध्ये मद्रासमध्ये डीईजीने १४ मुलांचा बळी घेतला होता. म्हणजे देशात याच विषाची घटना होऊन गेली होती, ते कसे ओळखायचे हे ठाऊक होते, आणि ज्याने ते ओळखायचे त्याला कायद्याने अधिकारही दिलेला होता. तरीही ते ग्लिसरीन रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचले.

माल कसा आला

इथे जरा थांबून पाहायला हवे, कारण प्रकरणाचा गाभा इथेच आहे.

औद्योगिक ग्लिसरीन साबणाच्या, रंगांच्या, छपाईच्या धंद्यात उघडपणे विकले जाते. त्यासाठी औषधाचा परवाना लागत नाही आणि त्या धंद्याला औषधी शुद्धतेची गरजही नसते. तेच पिंप दुसऱ्या व्यापाऱ्याकडे गेले, त्यावर औषधी दर्जाचे लेबल लागले आणि सोबत विश्लेषणाचे प्रमाणपत्र जोडले गेले, की कागदावर ते औषध होते. द्रवात काहीही बदललेले नसते. जे. जे. ला औषध म्हणून मिळालेला माल असाच औद्योगिक दर्जाचा निघाला.

आता खरेदीकडे पाहू. सरकारी रुग्णालयासाठी औषध घेताना वॉर्डातला डॉक्टर दुकान निवडत नाही. त्या काळी राज्यात दरकराराची पद्धत होती आणि हे दरकरार उद्योग खात्याच्या यंत्रणेतून ठरत. निविदा मागवायच्या, पुरवठादारांची यादी आणि दर ठरवायचे, मग रुग्णालयाने त्या यादीतून माल मागवायचा. सरकारी पैशाचा हिशेब चोख राहावा यासाठी ही पद्धत आहे, आणि ती गरजेची आहे. पण या सगळ्यात कुणी कुणावर विसंबून राहतो ते पाहा. रुग्णालय समजते, की यादीतला पुरवठादार म्हणजे पारखलेला पुरवठादार. यादी करणारा समजतो, की परवाना आहे म्हणजे औषध प्रशासनाने पाहिले असणार. औषध प्रशासन समजते, की प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र आहे. प्रयोगशाळा म्हणते, आमच्याकडे आलेला नमुना आम्ही तपासला, गोदामात काय उतरले ते आम्हाला काय ठाऊक. स्टोअरमध्ये माल उतरवून घेणारा कर्मचारी चलन, संख्या आणि बॅच क्रमांक जुळवतो. त्याच्या हाती एवढेच असते.

प्रत्येकाने आपल्या आधीच्याचा कागद पाहिला. बाटलीतला द्रव कुणीच पाहिला नाही.

तो पाहणे अवघडही नव्हते. पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीने ग्लिसरीनमधले डीईजी वेगळे दिसते. त्याला काचेची पट्टी, काही द्रावके आणि हे काम शिकलेला एक माणूस लागतो. औषधनिर्माण महाविद्यालयातले विद्यार्थी या पद्धतीचे प्रात्यक्षिक करतात. आजच्या औषधकोशांत ग्लिसरीनमध्ये डीईजी ०.१ टक्क्याच्या वर चालत नाही. जे. जे. मध्ये १४ माणसे मारणारे प्रमाण अशा साध्या चाचणीतून निसटणारे नव्हतेच.

आणखी एक अंग आहे. या साखळीत पुष्कळ ठिकाणी सरकारच बसलेले होते. रुग्णालय सरकारचे, दरकरार सरकारचा, औषध प्रशासन सरकारचे, आरोग्य खाते सरकारचे. खासगी कारखाना आणि खासगी दवाखाना यांच्यामध्ये सरकार पंच म्हणून उभे राहते, ते चित्र इथे लागू होत नाही. इथे खरेदीदारही सरकार आणि पंचही सरकार. पुरवठादाराचा माल निकृष्ट ठरला तर खरेदी करणाऱ्या खात्याचा निर्णय उघडा पडतो. त्याला काळ्या यादीत टाकले तर नवी निविदा, नवा विलंब, आणि वॉर्डात औषध नाही म्हणून ओरड. निकृष्ट मालाकडे काणाडोळा करण्याचा मोह या रचनेतच असतो. त्यात लाचलुचपत मिसळली की काय होते, ते पुढे चौकशीत दिसले.

न्यायमूर्ती लेंटिन

चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्याकडे सोपवली गेली. १९८२ मध्ये सिमेंट वाटपाच्या प्रकरणात मुख्यमंत्री अंतुले यांच्याविरुद्ध निकाल दिला होता तो याच न्यायमूर्तींनी, आणि त्यानंतर अंतुलेंना पद सोडावे लागले होते. सत्तेपुढे आवाज खाली करणारे हे न्यायमूर्ती नव्हेत, हे महाराष्ट्राला ठाऊक होते.

१९८७ च्या अखेरीस त्यांचा अहवाल आला. एखादा भांडारपाल किंवा एखादा व्यापारी दोषी ठरवून तो थांबला नाही. परवानाधारक, विश्लेषण प्रयोगशाळा, दरकरार ठरवणारे उद्योग खात्यातले लोक, उत्पादक, व्यापारी, पुरवठादार, अन्न व औषध प्रशासन आणि मंत्रिपदावरच्या व्यक्ती, या सगळ्यांमधले साटेलोटे त्यांनी मांडले. ज्यांच्याविषयी हे लिहिले आहे त्यांना ते रुचणार नाही, पण त्याला इलाज नाही, असेही त्यांनी स्पष्ट नोंदवले. तत्कालीन आरोग्यमंत्री भाई सावंत यांना राजीनामा द्यावा लागला.

चौकशी आयोगाचे निष्कर्ष न्यायालयाच्या निकालासारखे बंधनकारक नसतात, ही त्याची मर्यादा. अहवाल विधिमंडळापुढे येतो, सरकार त्यावर काय केले ते सांगते, आणि मग वेग सरकारच्या हातात राहतो. तरीही या अहवालाचे मोल मला मोठे वाटते. औषध नियंत्रणातला बिघाड म्हणजे मनुष्यबळाची कमतरता, निधीची कमतरता, असे सांगण्याची आपल्याकडे सवय आहे. लेंटिन यांनी दाखवले, की माणसे होती, अधिकार होते, कागद हलत होते, आणि तरीही साखळीतल्या प्रत्येकाला दुसऱ्याला सांभाळून घेण्यात फायदा होता. नव्या जागा भरून हा आजार बरा होत नाही.

पुढची चाळीस वर्षे

१९९८ मध्ये गुडगावात खोकल्याच्या औषधातल्या डीईजीमुळे ३३ मुले गेली. २०१९ च्या अखेरीपासून २०२० च्या सुरुवातीपर्यंत जम्मूच्या उधमपूर जिल्ह्यातल्या रामनगरमध्ये किमान १२ मुले गेली. २०२२ मध्ये गॅम्बियात सत्तरच्या आसपास मुलांचा मृत्यू झाला आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्याबाबत भारतात बनलेल्या सिरपविषयी इशारा दिला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, वीसहून जास्त लहान मुले 'कोल्ड्रिफ' या सिरपने दगावली.

या शेवटच्या घटनेशी महाराष्ट्राचा थेट संबंध आहे. छिंदवाड्याच्या लोकांना मोठे रुग्णालय म्हणजे नागपूर. मूत्रपिंडे बंद पडलेली मुले घेऊन आईबाप नागपूरला आले, बऱ्याच मुलांनी तिथेच प्राण सोडला. सिरप कांचीपुरमच्या एका कारखान्यात बनले होते. तमिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने बॅच तपासली तेव्हा त्यात ४८.६ टक्के डीईजी निघाले. जवळजवळ अर्धी बाटली. परवानगी ०.१ टक्क्याची असताना इतके प्रमाण म्हणजे चुकून राहिलेली अशुद्धी म्हणता येणार नाही. द्रावक म्हणून जे ओतले, ते काय आहे हेच कुणी पाहिले नव्हते.

तमिळनाडूचे नाव इथे यावे, याचा मी बराच विचार केला. सरकारी औषध खरेदीत देशाने ज्याच्याकडून शिकावे असे हेच राज्य. १९९४ मध्ये तिथे तमिळनाडू मेडिकल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन स्थापन झाले. खरेदी एका स्वतंत्र महामंडळाकडे आली. कारखान्याकडून आलेल्या मालाचे नमुने आधी प्रयोगशाळेत जातात आणि अहवाल चांगला आला की मगच माल रुग्णालयांना मिळतो. दोषी पुरवठादार काळ्या यादीत जातो. जे. जे. मध्ये जी जागा मोकळी होती, नेमकी तीच या पद्धतीने भरली. मग कांचीपुरमचा कारखाना कसा सुटला? तो सुटला, कारण खासगी दुकानात जाणाऱ्या औषधाला खरेदी महामंडळाची चाळणी लागत नाही. तिथे कारखान्याची नियमित तपासणी हाच आधार, आणि ती तपासणी तिथे झालेली नव्हती. मुले गेल्यावर निरीक्षक त्या कारखान्यात शिरले तेव्हा त्यांना साडेतीनशेहून अधिक त्रुटी सापडल्या. हे सगळे एका रात्रीत साचत नाही. त्या दारातून निरीक्षक वेळेवर गेला असता तर पहिल्याच भेटीत दिसले असते.

२००३ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने दर ५० कारखान्यांमागे एक आणि दर २०० विक्री केंद्रांमागे एक औषध निरीक्षक असावा असा हिशेब मांडला, आणि सक्षम केंद्रीय औषध यंत्रणेची शिफारस केली. संसदेने त्यातून मुख्यतः शिक्षा उचलली. २००८ च्या दुरुस्तीने भेसळयुक्त किंवा बनावट औषधाने मृत्यू किंवा गंभीर इजा झाल्यास किमान दहा वर्षे ते जन्मठेप आणि किमान दहा लाख दंड आला. शिक्षा कडक असावी, याला माझा विरोध नाही. पण शिक्षा मृत्यूनंतर येते आणि तीही खटला टिकला तर. निरीक्षक आणि प्रयोगशाळा मृत्यूच्या आधी येऊ शकतात. शिक्षा वाढवायला विधेयक पुरते, निरीक्षक नेमायला दरवर्षी पगार द्यावा लागतो. म्हणून आपण पहिले करतो आणि दुसरे पुढे ढकलतो.

गॅम्बियानंतर केंद्राने १ जून २०२३ पासून निर्यात होणाऱ्या खोकल्याच्या सिरपला सरकारमान्य प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल सक्तीचा केला. परासियाच्या दुकानात विकल्या जाणाऱ्या सिरपला असा नियम नव्हता. परदेशी बाळाच्या औषधाची चाचणी आधी आणि आपल्या बाळाच्या औषधाची नंतर, हे ज्या फाइलवर ठरले तिथे कुणाच्या मनात तरी हा प्रश्न उठला असेल का? उत्पादनाच्या सुधारित नियमावलीलाही, म्हणजे अनुसूची 'एम'ला, २५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्या कंपन्यांसाठी २०२५ च्या अखेरपर्यंत मुदतवाढ दिली होती. छोट्या उद्योगाला वेळ हवा हे खरे आहे. पण आलेल्या द्रावकाच्या पिंपातून थोडे काढून तपासणे याला मुदतवाढ लागत नाही. ते नव्या नियमावलीच्या आधीही बंधनकारक होते.

नियंत्रण कुठे बसवायचे

नियंत्रण वाढवा म्हटले की इन्स्पेक्टर राजची भीती पुढे येते, आणि ती खोटी नाही. निरीक्षकाच्या हाती अधिकार वाढले की हप्ता वाढतो, असे कारखानदार सांगतात. लेंटिन अहवालातले साटेलोटे पाहता त्यांना खोटे कसे म्हणावे? म्हणून माझ्या मते प्रश्न अधिकार किती असा विचारू नये. तपासणीचा निकाल किती लोकांना दिसतो, असा विचारावा. ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल अशा मोजक्या द्रावकांच्या प्रत्येक पिंपाची डीईजी चाचणी कारखान्याच्या दारातच व्हावी; बॅच क्रमांकासह तिचा अहवाल सगळ्यांना पाहता येईल असा खुला असावा. सरकारी रुग्णालयाच्या भांडारात माल उतरला, की नमुना कुठल्या प्रयोगशाळेत जाणार हे पुरवठादाराला आधी कळू नये. नापास अहवाल आला, तर तो ज्या खात्याने खरेदी केली त्याच्याकडे न राहता राज्यातल्या सगळ्या रुग्णालयांना त्याच दिवशी मिळावा.

दुसरी जागा वॉर्ड. एका रुग्णालयात दोन-चार दिवसांत, एकमेकांशी संबंध नसलेल्या रुग्णांची मूत्रपिंडे बंद पडली, तर कुणाला कळवायचे हे निवासी डॉक्टरला पाठ असायला हवे. १९८६ मध्ये अशी सोय नव्हती. औषधांच्या दुष्परिणामांची राष्ट्रीय नोंद ठेवणारा कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. पण फॉर्म भरणे आणि त्याच दिवशी औषध थांबवणे यांत अंतर आहे. थांबवण्याचा अधिकार वॉर्डाजवळ हवा: संशय आला की अधिष्ठात्यांनी तासाभरात तो साठा कुलूपबंद करावा, तपासणीत औषध निर्दोष निघाले तरी त्याबद्दल त्यांना जाब विचारला जाऊ नये. आपल्याकडे उलटे आहे. निर्दोष औषध थांबवले तर तुटवड्याबद्दल प्रश्न विचारले जातात. चालू ठेवले आणि रुग्ण गेला, तर दोष विभागून घ्यायला पुष्कळ जण असतात.

महाराष्ट्रानेही औषध खरेदीसाठी वेगळे प्राधिकरण २०२३ मध्ये उभारले आहे. त्याच्याकडून पहिली अपेक्षा दराची असते आणि ते स्वाभाविक आहे, कारण दर निविदेत दिसतो. खरेदी केलेल्या प्रत्येक बॅचचा चाचणी अहवाल त्याने संकेतस्थळावर टाकायला सुरुवात केली, तर रुग्णाच्या नातेवाइकाला बाटलीवरचा क्रमांक पाहून तो शोधता येईल. तंत्रज्ञान आहे, प्रयोगशाळा आहेत. परवानगी एका शासन निर्णयाची लागेल.